१८९७चं नवं वर्ष : एक कारकून, तीन शिपाई आणि तुपाचे थेंब

(आपल्या पॉडकास्टच्या जानेवारीतल्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)

आता डिसेंबर संपता संपता प्रत्येक ऑफिसात जे होतं, ते तुमच्याकडेही झालंच असेल. एचआरचा एक लांबलचक मेल येतो. सरत्या वर्षात आपण काय काय मिळवलं, कोणाला पुरस्कार, कोणाला बढती, कोणाचा पेपर छापून आला. खाली एक ग्रुप फोटो. फोटोत मागच्या रांगेत उभ्या असलेल्यांची नावं बहुतेक वेळा नसतात. ‘आणि इतर कर्मचारी’ असं लिहिलेलं असतं.

तर आज आपण एका आरोग्य संशोधन संस्थेचा असाच एक ‘वार्षिक आढावा’ काढणार आहोत. फक्त वर्ष आहे १८९६. संस्था म्हणजे एक खोली आणि एक व्हरांडा. जागा भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज, जेजे हॉस्पिटलच्या आवारात. कर्मचारी? एक कारकून, तीन शिपाई आणि काही सहायक. त्यातल्या दोन सहायकांनी काम सोडलं, आणि एकजण ताणाने मनाने पार खचून गेला. साहेब म्हणाल तर रशियन साम्राज्यातल्या ओडेसा शहरात जन्मलेला एक ज्यू माणूस, जो डॉक्टरसुद्धा नव्हता. आणि नवीन वर्षाच्या दहाव्या दिवशी या साहेबाने जे केलं, ते आज कुठल्याही संस्थेची नैतिकता समिती करू देणार नाही.

पण आधी मुंबईकडे बघू.

सप्टेंबर १८९६. मांडवी, म्हणजे मशीद बंदराजवळचा गोदामांचा आणि दाटीवाटीच्या चाळींचा भाग. तिथे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एक रुग्ण तपासला आणि सांगितलं, हा साधा ताप नाही, हा प्लेग आहे. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, शिकले याच ग्रँट मेडिकल कॉलेजात. काखेत, जांघेत गाठ, प्रचंड ताप, आणि काही दिवसांत माणूस जातो. लोक त्याला गाठीचा ताप म्हणायला लागले. सुरुवातीला अनेकांना हे मान्यच करायचं नव्हतं. बंदर आहे, कापडाच्या गिरण्या आहेत, व्यापार आहे, प्लेग म्हटलं की जहाजं अडणार. तुम्हाला काही आठवतंय का? मार्च २०२०?

योगायोग नाही बरं का. फेब्रुवारी १८९७मध्ये याच साथीसाठी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला, आणि २०२०मध्ये लॉकडाऊनच्या काळात तोच कायदा वापरला गेला. आजीच्या ट्रंकेतला कोट नातवाने घालावा तसा.

मुंबईतून लोक लाखांनी गावाकडे पळाले. कोकणात, घाटावर, मिळेल त्या बोटीने आणि आगगाडीने. जे राहिले त्यांना प्लेगइतकीच सरकारचीही भीती होती. घरात घुसून तपासणी, रुग्णाला उचलून इस्पितळात नेणं, सामान जाळणं. इस्पितळात नेतात ते मारायलाच, अशी बोलवा होती. ऑक्टोबर १८९६मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, तो याच रागातून. पुण्यात पुढे काय झालं ते शाळेत वाचलंच आहे. १० मार्च १८९७ला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. या दोन घटना आपण वेगवेगळ्या धड्यांत शिकतो, पण साथ एकच होती, आणि अंतर जेमतेम साडेतीन महिन्यांचं.

अशा मुंबईत ऑक्टोबर १८९६मध्ये वॉल्डेमार हाफकिन आला.

त्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. जन्म १८६०. ओडेसाच्या विद्यापीठात तो इल्या मेचनिकोव्हचा विद्यार्थी होता, ज्यांना पुढे नोबेल मिळालं. हुशार होता, पण ज्यू होता. धर्म बदलून ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन हो, मग प्राध्यापकी मिळेल, असा पर्याय होता. त्याने नाही म्हटलं. मग देश सोडला, जिनिव्हा, तिथून पॅरिस. लुई पाश्चरच्या जगप्रसिद्ध संस्थेत त्याला पहिली नोकरी कुठली मिळाली? ग्रंथालयात सहायकाची. फावल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचं. तिथे त्याने कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै १८९२मध्ये स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी तो भारतात आला आणि कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये ही लस देत फिरला. म्हणजे मुंबईत येताना तो अगदीच नवखा नव्हता. पण डॉक्टरीची पदवी नसलेला, रशियन नावाचा हा जीवशास्त्रज्ञ अनेक इंग्रज वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत खुपायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता त्या व्हरांड्यात जाऊ. कारण मला या गोष्टीतला सगळ्यात आवडता भाग तिथे आहे.

प्लेगचा जंतू १८९४मध्ये हाँगकाँगला सापडला होता. म्हणजे शत्रू कोण हे माहीत होतं. लस करायची तर हा जंतू आधी भरपूर वाढवायला हवा, मग मारायला हवा, आणि मेलेले जंतू माणसाला टोचायचे, म्हणजे शरीर त्याला ओळखायला शिकेल. वाढवायचा कशात? युरोपात सरळ गोमांसाचं सूप वापरायचे. मुंबईत ते शक्य नव्हतं. हिंदूंना गाईचं चालणार नाही, मुसलमानांना डुकराचं चालणार नाही. हाफकिनने बोकडाचं मटण घेतलं आणि त्याचा रस केला. आणि त्या रसावर त्याने टाकले तुपाचे थेंब.

हो, तूप. आपलं भातावरचं तूप. ते पृष्ठभागावर तरंगायचं आणि प्लेगचे जंतू त्या थेंबाला धरून खाली वाढायचे. गुहेच्या छतावरून चुनखडीच्या कांड्या लोंबतात ना, तसे. मग बाटली हलवायची, कांड्या खाली पडायच्या, आणि वर नव्या वाढायला लागायच्या. काही दिवसांनी परत हलवायची. असं कित्येक आठवडे. बाटलीत दुसरा कुठला जंतू शिरला का, हे ओळखायलाही या कांड्या उपयोगी पडायच्या, कारण प्लेगचा जंतू असा लोंबत वाढतो ही त्याची खूणच झाली. शेवटी बाटली तापवून जंतू मारायचे आणि वर थोडं कार्बोलिक अ‍ॅसिड घालायचं.

आता विचार करा, हे काम करतंय कोण? बाटल्या कोण धुतंय, मटण कोण आणतंय, जिवंत प्लेगच्या जंतूंनी भरलेली बाटली रोज कोण हलवतंय? एक कारकून आणि तीन शिपाई असा त्या पहिल्या प्रयोगशाळेचा सरकारी कर्मचारीवर्ग होता, असं संस्थेच्या इतिहासात येतं. त्यांची नावं मात्र कथेत येत नाहीत. सहायकांपैकी दोघं निघून गेले, एकाचा मानसिक तोल ढासळला, एवढीच त्यांची ओळख. मला विचाराल तर निघून गेलेल्यांना मी नावं ठेवणार नाही. बाहेर शहर ओस पडतंय, आत बाटलीत तोच आजार वाढतोय, आणि तुमचं काम काय तर ती बाटली हलवणं. त्या काळी तिथे कसलाही मास्क, कसलाही एअर फिल्टर नव्हता.

तीन महिन्यांत लस तयार झाली. आधी सशांवर करून बघितली. आणि १० जानेवारी १८९७ला हाफकिनने स्वतःला टोचून घेतली. मात्रा किती? १० घन सेंटिमीटर. पुढे लोकांना जी द्यायचे, त्याच्या साधारण चौपट. ताप चढला, टोचलेल्या जागी भयंकर दुखलं, आणि मग उतरलं. म्हणजे ही लस माणसाला मारत नाही एवढं कळलं. पण ती प्लेगपासून वाचवते का?

त्यासाठी महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली. तिथे प्लेग शिरला होता. सुमारे दीडशे कैद्यांनी लस घेतली आणि उरलेल्यांनी घेतली नाही. दोन्ही गटांचं राहणं, खाणं, कोठड्या एकसारख्या. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांमध्ये आजारी पडणारे आणि दगावणारे स्पष्टपणे जास्त निघाले. कैदी ‘स्वयंसेवक’ होते, असं नोंदींत म्हटलंय. तुरुंगातला माणूस किती स्वेच्छेने हो म्हणतो, हा प्रश्न आज आपण विचारतो, आणि विचारायलाच हवा. तेव्हा तो फारसा कोणी विचारला नाही. हाफकिनच्या बाजूने इतकंच म्हणता येईल, की कैद्यांच्या आधी त्याने स्वतःचा दंड पुढे केला होता.

लस काही जादूची नव्हती. तिने प्लेगचा धोका साधारण निम्म्यावर यायचा. ताप यायचा, हात सुजायचा. म्हणून लोकांना पटवणं अवघड होतं. इथे मदतीला आला विशीतला एक तरुण, तिसरे आगाखान. खोजा समाजाचा हा प्रमुख लोकांसमोर बसला आणि त्याने लस टोचून घेतली. एकदा नाही, पुन्हापुन्हा. मग त्याच्या समाजातले हजारो लोक पुढे आले. व्हिएगस यांनीही स्वतःच्या हाताने हजारोंना लस टोचली. सरकारच्या सक्तीने जे होत नव्हतं, ते ओळखीच्या माणसाच्या उघड्या दंडाने झालं. प्रयोगशाळेसाठी जागाही आगाखानाने आपल्या बंगल्यात दिली, कारण तोवर व्हरांडा पुरेनासा झाला होता.

१८९९च्या ऑगस्टमध्ये प्रयोगशाळा परळला आली. जागा कुठली? चक्क गव्हर्नरचा जुना बंगला. पोर्तुगीजांच्या काळात तिथे पाद्र्यांचा मठ होता, मग मुंबईचे गव्हर्नर तिथे राहायचे. नंतर १८८०च्या दशकात एका गव्हर्नरची बायको तिथेच कॉलऱ्याने गेली, आणि गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलला गेला. ज्या हॉलमध्ये मेजवान्या झडायच्या, तिथे आता मटणाच्या रसाच्या बाटल्या रांगेने लागल्या. प्लेग रिसर्च लॅबोरेटरी, असं नाव.

आणि मग आली १९०२ची ती बाटली.

पंजाब सरकारने ठरवलं, प्रांतात मोठी मोहीम काढायची, लाखोंना लस द्यायची. परळला मागणी आली. इतकी लस एवढ्या कमी वेळात करायची, म्हणून हाफकिनने पद्धत थोडी बदलली. कार्बोलिक अ‍ॅसिड वगळलं, फक्त उष्णतेवर भर दिला. पॅरिसमध्येही असं करत होतेच. ३० ऑक्टोबर १९०२. मुल्कोवाल नावाचं गाव. त्या दिवशी १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस टोचली. चार बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झालं नाही. पाचवीतून घेतलेले १९ जण. आठवडाभरात त्यांना धनुर्वात झाला. एकोणीसच्या एकोणीस जण गेले.

त्या बाटलीवर चिठ्ठी होती ५३ एन.

चौकशी आयोग बसला. निष्कर्ष असा, की दोष बाटली गावात पोचायच्या आधीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत शिरला असणार. कार्बोलिक अ‍ॅसिड वगळलं ना, तिथेच चुकलं. हाफकिनला पदावरून दूर केलं. तो भारत सोडून गेला. ज्या माणसाची लस देशभर दिली जात होती, त्यालाच त्या लसीच्या प्रयोगशाळेत जागा नव्हती. फ्रान्समध्ये ड्रायफस नावाच्या ज्यू अधिकाऱ्याला खोट्या आरोपात अडकवल्याचं प्रकरण तेव्हा ताजं होतं, म्हणून लोक याला ‘छोटं ड्रायफस प्रकरण’ म्हणायला लागले.

पण कागदपत्रं नीट वाचली तर गोष्ट वेगळीच निघते. बाटली गावात उघडताना तिचं बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो उचलून, ज्योतीवर नीट न तापवता, परत वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तुम्हाला माहीतच आहे, खिळा लागला की आपण इंजेक्शन घेतो ते त्यासाठीच. शिवाय धनुर्वाताचा जंतू त्या बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढला असता, तर बाटली उघडताच घाण वास आला असता. उघडणाऱ्यांना तसा वास आला नव्हता.

हे सगळं मांडायला पाच वर्षं गेली. जुलै १९०७मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिलं. रॉस म्हणजे डासांमुळे मलेरिया होतो हे दाखवून देणारे, आपल्याकडे अल्मोड्याला जन्मलेले, नोबेल मिळवलेले. त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्याच वर्षाच्या शेवटी हाफकिनला दोषमुक्त केलं.

आता इथे मला थोडं थांबायचंय. कारण ही गोष्ट सांगताना बहुतेक जण इथे टाळ्या वाजवतात. निर्दोष माणूस सुटला! खरंय. पण जबाबदारी गेली कुठे? तर संस्थेच्या प्रमुखाच्या खांद्यावरून उतरली आणि गावात चिमटा हातात धरलेल्या सहायकावर गेली. त्याच्यासमोर रांग होती, वर मोहिमेचा तगादा होता. त्या दिवशी त्याला कोणी सांगितलं होतं का, की चिमटा पडला तर काय करायचं? बाटली उघडायची पद्धत कागदावर लिहिलेली होती का, त्याच्या भाषेत? हाफकिनसाठी नोबेल विजेत्याने पत्र लिहिलं. या सहायकासाठी ‘टाइम्स’मध्ये दहा सह्यांचं पत्र आलं नाही. आणि मुल्कोवालच्या त्या १९ जणांच्या घरच्यांना, बाटली परळला बिघडली की गावात, याने काय फरक पडणार होता?

हाफकिन परत आला, पण मुंबईला नाही. त्याला कलकत्त्याला नेमलं. लसीचं मोठं काम त्याच्या हाती परत कधीच आलं नाही. १९१४च्या सुमारास निवृत्त होऊन तो युरोपात गेला.

इकडे परळ चालू राहिलं, आणि हा भाग लोकांना सगळ्यात कमी माहीत आहे. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, असं पॉल लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं होतं. कोणी विश्वास ठेवेना. परळच्या प्रयोगशाळेतल्या विल्यम ग्लेन लिस्टनने ते काम पुढे नेलं. प्लेग झालेल्या घरात गिनिपिग मोकळे सोडायचे, मग त्यांच्या अंगावर किती पिसवा चढल्या ते मोजायचं. शहरभरातून मेलेले आणि पकडलेले उंदीर परळला यायचे, कुठे सापडला त्याच्या नोंदीसकट. टेबलावर एकेक उंदीर फाडून बघायचा, हा आजारी होता की नाही. असे हजारो उंदीर. त्यातून कळलं, की आधी उंदीर मरतात, मग पिसवा माणसांकडे वळतात. आज आपण सहज म्हणतो ‘उंदीर पडायला लागले की घर सोडायचं’, त्यामागे या टेबलावरचे हात आहेत.

१९०६मध्ये संस्थेचं नाव बॉम्बे बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी झालं. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा गेल्या. व्हरांड्यातल्या एका कारकुनापासून सुरू झालेल्या संस्थेचा हा आकडा आहे.

१९२५मध्ये ठरलं, की संस्थेला हाफकिनचं नाव द्यायचं. ज्या प्रयोगशाळेतून त्याला काढलं होतं, तिलाच. त्याने उत्तरादाखल लिहिलं, की मुंबईतल्या कामात माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं गेली, आणि संस्थेची भरभराट होवो. तक्रारीचा सूर नाही. पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९३०मध्ये, तो स्वित्झर्लंडच्या लोझानला गेला.

१९३२मध्ये संस्थेला पहिले भारतीय संचालक मिळाले, साहिब सिंग सोखी. नृत्यांगना मेनका यांचे पती म्हणून त्यांची एक वेगळी ओळख आहे, त्यावर एक स्वतंत्र भाग करता येईल. सोखींचा हट्ट असा, की औषधं बाहेरून आणायची नाहीत, इथे बनवायची. त्यांच्या काळात सल्फा औषधं प्लेगवर चालतात का याचे प्रयोग परळला झाले. पुढे सर्पदंशाच्या लसीसाठी संस्थेने घोडे पाळले, पिंपरीला. त्या घोड्यांच्या रक्तातून बनलेल्या औषधाने कोकणातल्या, विदर्भातल्या किती शेतकऱ्यांचा जीव वाचला असेल! १९६४मध्ये हाफकिनवर भारताने टपाल तिकीट काढलं. घोड्यांवर काढलं नाही.

संस्था आजही तिथेच आहे, परळला, आचार्य दोंदे मार्गावर, केईएम आणि टाटा हॉस्पिटलच्या शेजारी. दादरहून केईएमला जाताना कित्येकदा तुम्ही तिच्यासमोरून गेला असाल.

तर मंडळी, तुमच्या घरात किंवा ओळखीत कोणी हाफकिनमध्ये नोकरीला होतं का? शास्त्रज्ञच असं नाही. बाटल्या धुणारे, घोड्यांची निगा राखणारे, रजिस्टर लिहिणारे, कँटीनवाले, कोणीही. त्यांच्याकडून ऐकलेलं काही असेल तर आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा, दोन-तीन मिनिटांची चालेल. पुरेशा आल्या तर त्या आवाजांचाच एक भाग करू. पुढच्या आठवड्यात सिमाँ, कराची आणि त्याचा तो काचेच्या बरणीतला उंदरांचा प्रयोग. भेटू!